‘सोलापूरला न्या’ म्हणण्याआधी

मुलानं वडिलांच्या शर्टाच्या खिशातून ईसीजीची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. चार घड्या घातलेली, घड्यांच्या रेषांवर काळपट पडलेली. कोपऱ्यात यंत्रानं छापलेली वेळ होती सकाळी ६ वाजून १२ मिनिटं. आमच्या कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, घड्याळात पावणेदहा वाजले होते. पट्टीवरच्या लाटा इतक्या ठळकपणे वर उचललेल्या होत्या की शिकाऊ पोरानंही मोठा हार्ट अटॅक म्हणून ओळखला असता. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘चेस्ट पेन. रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट.’

“गोळी काही दिली का तिथं? चघळायची?”

“नाही ओ डॉक्टर. इथं काय होत नाही, सोलापूरला न्या म्हणले. गाडी बगण्यातच तास गेला.”

हे काका जिल्ह्याच्या अगदी टोकाच्या तालुक्यातले, केळीची बाग असलेले. पहाटे पाचला छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून अंगावर न काढता तासाभरात त्यांनी दवाखाना गाठला होता. पेशंट उशिरा येतात अशी आपली कायमची तक्रार असते. हा पेशंट वेळेत आला होता. त्याच्या वाट्याचे साडेतीन तास आपण घालवले, डॉक्टरांनी आणि व्यवस्थेनं. ते वाचले. पण हृदयाचा बराचसा स्नायू तोवर मेला होता. आता केळीचा घड उचलला की त्यांना दम लागतो.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या जिल्ह्यात जीव जातात ते बहुतेक वेळा आयसीयूत खाट नाही म्हणून जात नाहीत. पहिला दवाखाना आणि दुसरा दवाखाना यांच्या मधल्या रस्त्यावर ते जातात. तिथं जे करायला हवं ते स्वस्त आहे, जुनं आहे, सिद्ध झालेलं आहे. ते पहिल्याच दवाखान्यात व्हायला हवं, आणि ते झाल्याशिवाय पेशंटला हलवणं हा वैद्यकीय गुन्हा मानला गेला पाहिजे.

हे मी वरच्या खुर्चीत बसून लिहीत नाही. मी स्वतः तीन वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी होतो आणि ‘सोलापूरला न्या’ हे शब्द माझ्याही तोंडून कितीदा तरी गेले आहेत. रात्री दोनला एकटा डॉक्टर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा, आणि दारात वीस-पंचवीस माणसं. अशा वेळी पेशंटला हात लावायचा आणि तो आपल्या टेबलावर गेला तर काय, हा विचार मनात येतोच. चिठ्ठी लिहिली की सुटका होते. ती सुटका फक्त डॉक्टरची असते, हे मला शहरात, दुसऱ्या टोकाला बसल्यावर कळलं.

हार्ट अटॅकचंच घेऊ. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मिनिटामिनिटानं मरू लागतो. अँजिओप्लास्टी हा सर्वात चांगला उपाय, यात वाद नाही. पण ती दोन तासांच्या आत होणार असेल तरच तिची वाट बघायची. होणार नसेल, तर जिथं ईसीजी काढला तिथंच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं आणि मग अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवायचं, हा जगभराचा नियम आहे. १९८८ साली सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालं त्यांच्यात पाच आठवड्यांत साधारण ८ टक्के दगावले, ज्यांना दोन्हीही मिळालं नाही त्यांच्यात १३ टक्के. या दोन औषधांना अँजिओप्लास्टीची कॅथलॅब लागत नाही. आता तर टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं नवं औषध आहे. वजन बघून एकाच सिरिंजमध्ये दिलं जातं, काही सेकंदांत काम होतं. जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्यातून सोलापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यात गाडी मिळवणं, डिझेल भरणं, पैसे गोळा करणं आलं. दोन तासांचं गणित तिथंच चुकतं. पस्तीस वर्षांहून जुनं हे ज्ञान त्या सव्वासहाच्या ईसीजीपर्यंत का पोचलं नाही, हा माझा प्रश्न आहे.

अपघाताचंही तसंच. पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो, विजयपूरकडचा आणि धाराशिवकडचा रस्ताही इथंच येऊन मिळतो. टेंभुर्णी-मोहोळपासून अक्कलकोट-तुळजापूरपर्यंतचे जखमी सोलापुरात येतात, सीमेपलीकडून कलबुर्गीचेही येतात. ‘कधी लागलं, बेशुद्ध कधी झाला’ हे आम्हाला मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत विचारावं लागतं. देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यातल्या अनेकांचा जीव रक्त वाहून जातो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर जे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड देतात, तेच औषध जखमीला पहिल्या तासात शिरेतून दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटतात. २०१० सालच्या मोठ्या अभ्यासातून हे समोर आलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: तीन तास उलटून गेल्यावर तेच औषध दिलं तर फायदा राहत नाही, अपायच होतो. म्हणजे मोहोळजवळ अपघात झाला आणि औषध सोलापुरातल्या तिसऱ्या दवाखान्यात मिळालं, तर औषध तेच असूनही उपयोग शून्य. मेंदूला मार लागलेल्याचा वरचा रक्तदाब वाटेत एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मरण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो. हे टाळायला लागतं काय? दोन जाड सुया, सलाईन, ऑक्सिजन, रक्त येतं त्या जागी घट्ट दाब, आणि कमरेचं हाड मोडलं असेल तर चादर गुंडाळून आवळलेली कंबर.

उन्हाळ्याबद्दल तर आपण सोलापूरकरांनी लाजायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो हे आपल्याला दरवर्षी माहीत असतं. पत्र्याखाली चालणाऱ्या यंत्रमागावरचा कामगार, रस्त्याच्या कामावरची बाई, उसाच्या फडातला मजूर बरळत, तापलेल्या अंगानं येतो, आणि आपण त्याला सलाईन लावून गाडीत घालतो. उष्माघाताचा नियम साधा आहे: आधी थंड करा, मग हलवा. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, बर्फ असेल तर काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा. शरीराचं तापमान पहिल्या अर्ध्या तासात उतरलं तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचतात. बंद गाडीत दीड तास घातला तर नंतर कितीही महागडी आयसीयू मिळाली तरी ते परत येत नाहीत. नळ, पंखा आणि ओला टॉवेल नाही असा दवाखाना या जिल्ह्यात दाखवा.

मग हे होत का नाही? डॉक्टर आळशी आहेत, निर्दय आहेत, हे उत्तर मला मान्य नाही. तिथं बसलेला पोरगा बहुधा पंचवीस-सव्वीसचा असतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधानं शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यानं वाचलेलं असतं. औषध न देता पेशंट वाटेत गेला तर कुणी त्याला विचारत नाही, औषध देऊन समोर गेला तर काचा फुटतात. दवाखान्यांवरचे हल्ले रोखायचा कायदा महाराष्ट्रानं २०१० सालीच केला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही केली. पण रात्री दोनला कायदा दारात उभा नसतो. शिवाय त्याला हे शिकवलंय कुणी? आपत्कालीन वैद्यकाची एमडी ही पदवी आपल्या देशात २००९ मध्ये मान्य झाली. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही, कॅज्युअल्टी म्हणजे ज्याची दुसरीकडे सोय लागली नाही त्याला बसवायची जागा. दवाखान्यातली सर्वात अवघड खुर्ची आपण सर्वात नवख्या माणसाला देतो.

माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ फिजिशियन म्हणतात, “अरे, गावात धाडस करून पेशंट मारण्यापेक्षा शहरात पाठवलेला बरा.” त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, आणि एका अर्थी ते बरोबर आहेत. कुणाला नुकताच पक्षाघात झालेला असतो, कुणाचं महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचा रक्तदाब आभाळाला टेकलेला असतो. त्यांना ते इंजेक्शन द्यायचं नसतंच. पण ही यादी एका पानात मावते. ईसीजीचा फोटो मोबाइलवरून अर्ध्या मिनिटात सोलापुरात येतो. वरिष्ठानं तो बघायचा आणि ‘दे, मी जबाबदारी घेतो’ एवढं सांगायचं. अवघड आहे ते हे वाक्य म्हणणं. औषध त्या मानानं सोपं आहे.

आणि हे जमतं, याचे दाखले आहेत. तमिळनाडूनं लहान दवाखाने मोठ्या केंद्रांना जोडले, ईसीजी पाठवायची सोय केली, छोट्या ठिकाणी औषध देऊन मग पुढे न्यायचं ठरवलं. २,४२० रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. त्याच राज्यानं डिसेंबर २०२१ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या ४८ तासांचे उपचार मोफत केले. आपल्याकडेच बघायचं तर कोकणात जा. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या पेशंटांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी विंचवाच्या विषानं थकलेलं हृदय सावरते हे त्यांनी ऐंशीच्या दशकात जगाला दाखवलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. अतिदक्षतेचं खरं काम कुठं होऊ शकतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूनं कधीचाच उभा आहे. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणाची सुरुवातच ‘पुढे न्या’मधून झाली होती. स्कूटरवरून जाणाऱ्या एकाला मोटारीनं उडवलं. जवळच्या रुग्णालयानं पोलीस केस आहे म्हणून वीस किलोमीटर लांबच्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि तो वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच बजावलं की आधी जीव, मग कागद. १९९६ मध्ये बंगालच्या हकीम शेख यांच्या बाबतीत, रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या मजुराला कलकत्त्यातल्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवलं म्हणून, न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला. दोन्ही निकाल आपण परीक्षेपुरते पाठ करतो. कॅज्युअल्टीत आजही ‘एमएलसी (पोलीस केस) आहे, आधी पोलिसांना कळवा’ हे ऐकू येतं.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण तातडीचे उपचार आम्ही करायचे तर बिल कोण भरणार, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. केंद्रानं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. चांगलंच झालं. पण सापाला, हृदयाला, उन्हाला मोटार लागत नाही. ज्या शेतमजुराला फडात घोणस चावली त्याचा पहिला तास कोणत्या खात्यातून भरायचा? महात्मा फुले योजनेच्या कागदांत पेशंट बसवेपर्यंत छोट्या खासगी दवाखान्यानं थांबायचं कसं? पहिल्या तासाच्या उपचारांचा ठरावीक दर, आजार कुठलाही असो, दवाखाना कुठलाही असो, सरकारनं विनाप्रश्न द्यावा. रक्कम लहान आहे. त्यातून वाचणारे आयसीयूचे दिवस मोजले तर सरकारचाच फायदा आहे.

आपल्याकडे मात्र बातमी होते ती नव्या व्हेंटिलेटरची. हार घातलेलं यंत्र, शेजारी नेते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर लागते, दिवसरात्र. ती नसेल तर ते यंत्र म्हणजे खाटेशेजारचं कपाट. ईसीजी वाचायला शिकलेल्या सिस्टरचा, भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा, चालू असलेल्या सक्शन मशीनचा फोटो कुणी काढत नाही. १०८ च्या गाड्या २०१४ मध्ये आल्या. राज्यात ९३७ गाड्या होत्या, त्यात प्रगत उपकरणांच्या २३३. त्यांनी पुष्कळ जीव वाचवले आणि त्यात बसणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गाडी वेगानं धावली म्हणजे उपचार झाले, ही आपली समजूत त्यांच्यावरच अन्याय करते.

आता दुसऱ्या एका रात्रीबद्दल सांगतो. पावसाळ्याचे दिवस होते. रात्री अडीचला माझा फोन वाजला. एका ग्रामीण रुग्णालयातला तरुण डॉक्टर, एकदाच एका शिबिरात भेटलेला. “सर, मण्यार वाटतेय. बाई वस्तीवर जमिनीवर झोपली होती. पोटात दुखतंय म्हणून उठली, आता पापण्या पडल्यात, आवाज घोगरा झालाय, थुंकी गिळता येईना. एएसव्हीच्या दहा व्हायल चढवल्यात. ट्यूब टाकलीये. निघतोय.”

मण्यार हा विषारी साप, एएसव्ही हे सापाच्या विषावरचं औषध. मण्यारचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण सापडत नाही. विष स्नायूंना निर्जीव करत पापण्यांपासून खाली उतरतं आणि श्वासाचा स्नायू थांबतो. पेशंट मरतो तो हवेअभावी. म्हणून कुणीतरी हातानं फुग्यासारखी पिशवी दाबून हवा देत राहिला तर तो जगतो. तासभर, दोन तास, कितीही.

गाडी आली तेव्हा सिस्टर बाईच्या उशाशी होत्या, पण पिशवी बाईच्या नवऱ्याच्या हातात होती. अर्ध्या वाटेत सिस्टरांच्या मनगटाला रग लागली, तेव्हा त्यांनी त्याला शिकवलं आणि स्वतः ट्यूब धरून बसल्या. तो ओठातल्या ओठात मोजत होता, “एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब.” आम्ही व्हेंटिलेटर जोडला, तरी त्याचे हात पिशवी सोडेनात. “दादा, सोडा आता, यंत्र देतंय श्वास,” असं दोनदा सांगावं लागलं. चिठ्ठी पाठपोट लिहिलेली होती: किती वाजता दंश, किती वाजता पापण्या पडल्या, कुठली व्हायल किती वाजता, ट्यूब किती वाजता.

त्या दिवशी सकाळी आलेले काका आणि ही बाई, दोघेही याच जिल्ह्यातले, दोघेही सरकारी दवाखान्यातून निघालेले. इमारती सारख्या, पगार सारखे, औषधांची यादीही बहुधा सारखी. फरक होता तो निघण्याआधीच्या अर्ध्या तासाचा आणि एका फोनचा.

तो फोन आज ओळखीवर चालतो. तो व्यवस्थेनं चालवायला हवा. अकरा तालुके आणि त्रेचाळीस लाखांवर लोकवस्तीच्या या जिल्ह्यात एक नंबर असावा, आणि चोवीस तास तो उचलायला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला वरिष्ठ डॉक्टर असावा. १९६३ पासून सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकवणारी माणसं आहेत. फोन उचलला गेला त्या क्षणापासून पेशंट दोघांचा, ही लेखी जबाबदारी असावी. त्या फोनवर घेतलेल्या निर्णयासाठी खालच्या डॉक्टरला एकट्याला कुणी धरू नये. खासगी दवाखान्यांनीही ‘बेड नाही’ हे पेशंट दारात आल्यावर सांगायचं नाही, आधीच त्या नंबरवर कळवायचं. आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्यानं पेशंट पाठवला त्याला पुढं काय झालं ते कळवलं गेलं पाहिजे. माझ्या तीन वर्षांत मी पाठवलेल्या एकाही पेशंटचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. जगला की गेला, माझं निदान बरोबर होतं की चूक, माझी सुई नीट होती का, काही नाही. उत्तरच येत नसेल तर माणूस चिठ्ठीत एक ओळच लिहायला शिकतो.

बाईची ट्यूब पाचव्या दिवशी निघाली. त्या संध्याकाळी मी त्या डॉक्टरला फोन लावला. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, “पापण्या पूर्ण उघडतात का सर? आणि मी निओस्टिग्मिनही दिलं होतं, ते चुकलं का?” मी सांगितलं, नागाच्या विषावर त्याचा उपयोग होतो, मण्यारच्या फारसा होत नाही, पण ओळख पटेपर्यंत एकदा देऊन बघायला हरकत नसते. मग सिस्टरांनी ट्यूब बांधायची कुठली पद्धत वापरली ते त्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं. आम्ही पंधरा मिनिटं बोललो. शेवटी मागून कुणीतरी त्याला हाक मारली. दारात नवा पेशंट आला होता.